दुसरी मोजणी

८ जानेवारी, सोमवार

परत आलं! तिसऱ्यांदा तेच निरीक्षण, तिसऱ्यांदा लाल शाईत. बालवर्गातल्या एका पोरीबद्दल मी लिहिलं होतं, "टॅबिथा चिडली." माझ्या मार्गदर्शक थॉर्लीबाईंनी खाली रेघ मारून विचारलंय – "कसं कळलं?"

कसं कळलं म्हणजे? तिचं तोंड बघून कळलं! तर म्हणे, ते लिहायचं नाही. ठोकळा किती वेळा आपटला, ओठ कसे केले, कुणाकडे पाहिलं, एवढंच लिहायचं. डोळ्यांना दिसलं ते लिही, मनात आलं ते घरी ठेव.

म्हणून ही वही. मनात आलेलं इथे ठेवते. छत्तीस वर्षांची घोडी मी, अकरा वर्षं ग्रिम्सबीच्या मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून खोक्यांत हॅडक भरला. तिथे एकदाही कुणी विचारलं नाही की हा मासा आहे हे तुला कसं कळलं.

ईस्टरच्या आधी प्रशिक्षणाच्या तासांच्या वहीत बाईंच्या सगळ्या सह्या हव्यात. नाहीतर शेवटची परीक्षा नाही, बालवर्गाची नोकरी नाही, परत पट्टा. आजपर्यंत सह्या किती? निम्म्यासुद्धा नाहीत.

११ जानेवारी, गुरुवार

फळांच्या वेळेला चोवीस पोरांसाठी चोवीस ताटल्या लागतात. मी हात धुवून आले तर टेबलावर ताटल्यांवर ताटल्या. अठ्ठेचाळीस! बाई मलाच म्हणाल्या, एवढ्या कशाला मांडल्यास. मी हातही लावला नव्हता. शेवटी मीच चोवीस ताटल्या उचलल्या.

१६ जानेवारी, मंगळवार

तासांची वही हरवली. म्हणजे माझ्याकडून नाही – शुक्रवारी मी ती बाईंच्या हातात दिली, त्या निळा स्वेटर घालून दाराशी उभ्या होत्या, "बघते हं" म्हणाल्या. आज म्हणतात, "तू दिलीच नाहीस, कोरीन." वर मला समजावतात, की या कामात कागद सांभाळणं महत्त्वाचं!

दुपारी रंगांच्या कपाटात सापडली, जुन्या वर्तमानपत्रांखाली. मी नेऊन समोर ठेवली. बाईंनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, तिथे का ठेवली होतीस.

घरी येऊन नवऱ्यावर, डेलवर ओरडले. त्या बिचाऱ्याने फक्त चहा हवाय का म्हणून विचारलं होतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज तीनदा मला मॉयरा म्हणाल्या. मॉयरा माझ्या आधीची शिकाऊ. चार वर्षांपूर्वी सोडून गेली. सुटली!

२४ जानेवारी, बुधवार

खरं सांगायचं तर राग येतो तो यासाठी, की बाई कामात अशा आहेत की आपण बघतच राहावं.

टॅबिथा आज आत येईना. समुद्रावरून गार वारा, आई निघून गेलेली, आणि ही साडेतीन वर्षांची बया दारातल्या पायपुसण्यावर बसून रडतेय. मी असते तर उचलून आत नेली असती. बाई अंगावरचा कोट तसाच ठेवून तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. बोलल्या नाहीत, समजावलं नाही. आपल्या बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. वीस मिनिटं! एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात तिचे. मग टॅबिथाने रडता रडता आपले बूट काढले, आपल्या नावाची चिठ्ठी फळ्यावर लावली आणि वाळूकडे गेली.

बाई उठताना माझ्या खांद्याला धरून उठल्या. "लिही," म्हणाल्या. लिहिलं. पहिल्यांदाच लाल रेघ नाही.

३० जानेवारी, मंगळवार

मोजून मोजून जीव मेटाकुटीला आला.

नियम साधा आहे. पोरं अंगणातून आत आली की एकीने मोठ्याने डोकी मोजायची. दुसरीने वेगळी, मनातल्या मनात मोजायची आणि आपला आकडा सांगायचा. दोन्ही जुळले की दाराजवळच्या फळ्यावर लिहायचं, मग दाराला कडी. बाई हल्ली तीन-तीनदा मोजतात. दहापर्यंत येतात, थांबतात, पुन्हा एकपासून. पोरं ओल्या बुटांत उभी, कुणाला शू लागलेली, कुणी कुणाच्या टोपीत हातमोजे कोंबतंय, आणि आम्ही आपले एक, दोन, तीन!

मी आता मोजत नाही. त्यांचा आकडा आला की मान हलवते. शाळेत सगळ्याच हलवतात, जेवणाच्या वेळच्या बायकासुद्धा. चोवीस झाले का, हो झाले. एवढ्या वर्षांत कुठलं पोर हरवलंय?

६ फेब्रुवारी, मंगळवार

"वहीतला स्वच्छतेचा भाग तू मला दाखवलाच नाहीस," बाई म्हणाल्या.

तीनदा दाखवलाय! तीनही तारखा माझ्याकडे आहेत. डेल म्हणतो, सरळ हेडबाईंकडे जा. मी म्हटलं, मी चहाडखोर नाही. पण मनात आलंच – बाईंना मी नकोय. मासळीवालीने पोरं सांभाळावीत हे त्यांना रुचत नसणार. इतकी वर्षं शिकवल्यावर माणसाला असा माज येतो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आठवड्याची सुट्टी संपली, कटकट चालू.

हात धुण्याचं गाणं बाईंनी स्वतः रचलेलं. सव्वीस वर्षं तेच गातात. आज मधेच थांबल्या. नळ चालू, साबणाचे हात वर धरलेले, पोरं वाट बघतायत. मला वाटलं माझी परीक्षा घेतायत, पुढचं कडवं मला येतं का बघायला. म्हणून मी मुद्दामच गप्प राहिले. काय सारखी परीक्षा! शेवटी पोरांनीच पुढचं कडवं उचललं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही मीच घोळ घातलाय.

२१ फेब्रुवारी, बुधवार



अंगणातून आत आलो. बाईंनी मोजलं – दोनदाच. "चोवीस." मी मान हलवली. फळ्यावर चोवीस, दाराला कडी. कोट काढले, नाकं पुसली, गालिच्यावर बसलो. मी दुधाचे पेले वाटायला घेतले आणि एक पेला उरला.

टॅबिथा.

मी धावले. कडी काढून अंगणात गेले. ती कुंपणाजवळच्या जुन्या ट्रकच्या टायरमध्ये बसलेली, मांडीवर चिखलाने भरलेलं भांडं. रडत नव्हती. मला म्हणाली, "माझी खीर होतेय." सहा मिनिटं झाली होती. सहा! कुंपणाच्या फाटकाला कुलूप होतं, आणि म्हणून आज मी हे लिहू शकतेय. फाटकापलीकडे रस्ता, बंदराकडे जाणारे मोठे ट्रक.

तिच्या आईला बाईंनीच सांगितलं, लपवलं नाही. आई टॅबिथाला कडेवर घेऊन म्हणाली, "मी तुमच्याकडे सोडून कामाला जाते. तुमच्याकडे." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

हेडबाईंनी बोलावलं. लँगटनबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या टेबलापुढे बसलं की मला शाळकरी झाल्यासारखं होतं. त्या म्हणाल्या, घटनेचा अहवाल काल संध्याकाळीच आलाय, तो आत्ता दाखवता येणार नाही, चौकशी होईपर्यंत तुझं प्रशिक्षण थांबवावं लागेल. वर्गात यायचं, पण कुठल्याच पोराची जबाबदारी नाही, सह्याही नाहीत.

अहवाल कुणी लिहिला? बाईंनी. मग त्यात काय असणार ते सांगायला ज्योतिषी नको. शिकाऊ पोरीवर ढकलून मोकळ्या! आज वर्गात मला विचारतात कशा, "रात्री झोप लागली का गं?"

मी पाठ फिरवून पेले धुवायला घेतले.

२६ फेब्रुवारी, सोमवार

रविवारभर ही वही घेऊन बसले. ठरवलं होतं की आपणही लिहून द्यायचं, बाईंच्याच पद्धतीने. तारीख, वेळ, जे दिसलं तेवढंच. "मुद्दाम" नाही, "माज" नाही. ११ जानेवारी, ताटल्या दोनदा मांडल्या. १६ जानेवारी, वही स्वतः घेतली, घेतल्याचं आठवलं नाही. १९ जानेवारी, चार वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीच्या नावाने तीनदा हाक. मोजताना दहाशी थांबणं. गाणं. २१ फेब्रुवारी, तेवीसचे चोवीस.

अकरा ओळी झाल्या. चिडून लिहायला बसले होते. सगळ्या एकाखाली एक वाचल्या आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. ही बाई मला छळत नव्हती. माझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं, आधी किल्ल्या विसरायचे, मग नावं.

दोन महिने रोज शेजारी उभी होते. दिसलं कसं नाही मला?

डेल म्हणाला, कागद हेडबाईंना दे, तू सुटशील. सुटेन, खरंय. पण पोराबद्दलचा कागद आधी त्याच्या घरच्यांना दाखवायचा असतो. हा कागद बाईंबद्दलचा, आणि बाईंना नवरा नाही, मुलगी कॅनडात. मग कुणाला दाखवू?

२८ फेब्रुवारी, बुधवार

त्यांनाच दाखवला. पोरं गेल्यावर, छोट्या खुर्च्यांवर समोरासमोर बसून. त्यांच्या हातात कागद दिला. बाईंनी सवयीने लाल पेन काढलं.

पूर्ण वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबल्या, माझ्याकडे पाहिलं. मग सातव्या ओळीत मी "गोंधळलेल्या" लिहिलं होतं, त्यावर काट मारली.

"हे तुझं मत झालं," म्हणाल्या.

"बाई, मी हे हेडबाईंना दिलेलं नाही. तुम्ही म्हणालात तर फाडून टाकते."

"फाडतेस कशाला? चांगलं लिहिलंयस." मग खिडकीकडे बघत, "मला नाताळपासून माहीत आहे, कोरीन. घरी गॅस चालू राहतो. वाटलं उन्हाळ्यापर्यंत ढकलू, ही पोरं मोठ्या वर्गात जाईपर्यंत. मी तीन-तीनदा मोजत होते ना?"

मी म्हटलं, हो, मोजत होतात. मला रडू फुटलं. त्यांना नाही.

कागदाखाली मार्गदर्शकाची सही करायची जागा असते, तिथे त्यांनी सही केली. मग माझी तासांची वही मागितली आणि एकेक पान उलटत राहिलेल्या सगळ्या सह्या केल्या, तारखा मला विचारून विचारून. कोट घातला, कागद घेतला आणि हेडबाईंच्या खोलीकडे स्वतः गेल्या. मला सोबत येऊ दिलं नाही.

४ मार्च, सोमवार

बाई नाहीत. पोरं विचारतात. टॅबिथाने बाईंच्या खुंटीवर आपली टोपी अडकवली आणि मला ती काढू देईना.

माझं प्रशिक्षण पुन्हा सुरू झालंय. ईस्टरनंतर परीक्षा. डेलने केक आणला. मी तो तसाच झाकून ठेवला.

६ मार्च, बुधवार

हेडबाईंनी अहवालाची प्रत दिली. म्हणाल्या, चौकशी संपली, हा कागद तुझ्या फायलीत ठेव. आणि त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकीचं काम थांबवायचं असतं, तो नियम आहे, तुझ्यावर कुणाचाच ठपका नव्हता.

२१ तारखेचाच कागद. बाईंचं अक्षर.

"मी चोवीस मोजले. कोरीनने वेगळं मोजून तेवीस सांगितले. मी ऐकलं नाही आणि दार लावलं. चूक सर्वस्वी माझी."

मी तेवीस म्हणाले नव्हते. मी मोजलंच नव्हतं!

मला वाचवायला लिहिलं, की त्यांना खरंच तसं आठवत होतं? आता विचारलं तरी कळणार नाही. माझ्या अकरा ओळींत त्यांच्या सगळ्या चुका होत्या, मी मान हलवल्याचं कुठेच नव्हतं. त्यांनी ते न लिहिलेलंही वाचलं, आणि सही केली.

उद्या शाळा भरायच्या आधी हेडबाईंकडे जाते. बारावी ओळ लिहून ठेवलीय.