बावखलातला खडा

अहो,

अक्षर मोडकं आहे, पण तुम्हीच पाटीवर गिरवून घेतलंत, तेव्हा वाचा. आपली नात, जाई, पुन्हा देशात पहिली आली! दहा मीटरवरून उडी मारून! सगळ्या आळीत पेढे वाटले. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही दोन-दोन उचलले, मी बघितलं ना. पण लिहायला बसले त्याचं कारण दुसरं. दुपारी आपला लेक सुधीर सहीचा कागद आणणार आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचंय.

दहा मीटर म्हणजे आपल्या माडाएवढं हो! मी डोळे मिटूनच बसले होते. मागाहून विचारलं, "वरून भीती नाही वाटत?" तर म्हणते, "खाली पाण्यावर फवारा सोडतात, आजी. पाणी हललं की कुठे आहे ते दिसतं. आजोबांचा खडा इथे मशीन टाकते!"

आठवतं? वाडीतल्या बावखलात, आजेसासऱ्यांनी खणलेल्या त्या तळ्यात, ती उडी मारायच्या आधी तुम्ही खडा टाकायचात. मी केळीआडून ओरडायचे, "पोरीचे हातपाय मोडले तर?" आणि तुम्ही, "तू भाकऱ्या बघ!" असं बोलतात का चारचौघांत?

तुम्ही गेलात आणि तो आवाज सुरू झाला. सकाळी तुळशीला पाणी घालताना बावखलातून डुबुक. जाऊन बघावं तर कोणी नाही, नुसती वर्तुळं. बेडूक म्हणावं, तर रोज त्याच वेळी? माझ्याशी एक शब्द नाही आणि पाण्याशी खेळताय?

भ्याले हो. म्हणून चुकले. सुधीर म्हणाला, बावखल बुजवून इमारत बांधू, तर मीच म्हटलं, "बुजव बाबा." जागा माझ्या नावावर, सही माझीच लागणार.

काल जाई पदकासकट थेट काठावर गेली. "आता स्पर्धा पुरे, आजी. खांदा ऐकत नाही. इथल्या पोरींना इथेच शिकवते. खडा तू टाकशील?" तिला इमारतीचं कोणी सांगितलंच नव्हतं!

मी खडा टाकला. डुबुक. जरा थांबून, पलीकडच्या काठाशी, आणखी एक.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"वर उभी राहिले की दरवेळी ऐकते," ती म्हणाली.

तुम्ही शिकवलेली सही त्या कागदावर होणार नाही. सुधीर रुसेल, त्याला पातोळ्या करून घालीन. तुम्ही पाणी हलवत राहा. उद्यापासून तुळशीपाशी न थांबता मी काठावरच येऊन बसेन.

तुमचीच,
अगं