वरच्या मजल्यावरचा पाऊण तास

ताई,

सध्या एका ट्रकवर क्लीनर आहे. ड्रायव्हर असा घोरतो की इंजिन लाजेल. पण ते राहू दे.

तुझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं खपाटीला गेलेलं पोट बघून मी म्हणालो होतो, "मामावर गेलीय, जन्माची उपाशी!" तू टाके सांभाळत हसलीस. मग डॉक्टरांनी सांगितलं, छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक आहे. आतडी वर छातीत शिरलीत, त्यामुळे फुप्फुसाला वाढायला जागाच मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर, बाळाच्या काचेच्या पेटीपाशी, नर्स मला म्हणाली, "बाळाच्या आईला वर घेऊन या. आता फार वेळ नाही."

मी खाली आलो. मावशी तुझी वेणी घालत होती. तू म्हणालीस, "काय रे, येऊ का वर? चाकाची खुर्ची आण की." तीन दिवसांत पहिल्यांदा तुझा चेहरा जरा बरा दिसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "झोपलीय ती. उद्या ये."

वर नर्सनं विचारलं, "आई कुठंय हिची?"

"येतेय," म्हणालो.

तिनं माझं बोट तुझ्या मुलीच्या मुठीत दिलं. पकड असून नसल्यासारखी होती.

दाजी सगळ्यांना सांगतात, अचानक झालं, हिला आणायला वेळच मिळाला नाही. तूही तेवढ्यावरच तग धरून आहेस, असं मावशी फोनवर म्हणाली. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

पण वेळ होता, ताई. पाऊण तास होता.

तुझा धाकटा