करदोड्यातलं चिनी नाणं

सेक्टर ६, भिलाई

आदरणीय हरिभाऊ,

भिलाईहून गुलाबरावचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देते का? वहिनीले नमस्कार. आमची लेक नूतन अन् बाळ पार्थ तुमच्यासंगं सुखरूप नागपूरले तुमच्या घरी पोचल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. नातवाच्या कौतुकापायी फोन सोडून पत्र लिहून राहिलो. (फोन केला तं तुमची बहीण रमा बाजूले येऊन बसते, अन् माझ्या तोंडचं वाक्य तीच पुरं करते.)

रिटायर झाल्यापासून मले चिनी नाण्यांचा नाद लागला, हे रमानं तुमाले तक्रारीच्या सुरात सांगितलंच असेल. पण कावून लागला, ते कोणी विचारत नाही! अहो, दीड हजार वर्षांमागं त्या चीनचे तुकडे झाले होते. उत्तरेले एक राजा, दक्षिणेले दुसरा, अन् दोघांची गादी डुगडुगती. तरी जो बसला तो आपलं नाणं पाडते. त्यात दक्षिणेच्या लियांग घराण्यातल्या एका राजानं तं कमालच केली, तांबं सोडून लोखंडाची नाणी ओतायले लावली. मग काय, ज्याच्या-त्याच्या घरी चोरून भट्टी! शेवटी लोक पैसे गाडीत भरून बाजारात नेत अन् मोजतही नसत, म्हणतात. मी उभा जन्म प्लांटात लोखंडापाशी काढला हरिभाऊ, पण त्याचा असा उपयोग आमच्या एकाही साहेबाले सुचला नाही.

तसलं एक नाणं भिलाई-३ च्या टिकारामपाशी निघालं. रेल्वेतला माणूस, जुनी नाणी जमवते. रिटायरमेंटले मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ देऊन मी ते घेतलं. (रमाच्या लेखी घड्याळ अजून दुरुस्तीले आहे.) काळंकुट्ट, मधात चौकोनी भोक, भोवती चिनी अक्षरं. खरं की बनावट, अन् लिहिलं तरी काय, या विचारानं मले जेवण गोड लागेना. रायपूरच्या माधवीताई चिनी अक्षरं वाचतात, त्या इकडं येणार होत्या. तोवर गंज नको म्हणून मी ते वाटीभर खोबरेलात बुडवून ठेवलं.

तिथंच घात झाला. रमानं बाळाच्या मालिशीसाठी तीच वाटी उचलली, तं आत भोकाचं लोखंड! आता आपल्याकडं नजर लागू नये म्हणून लेकराच्या करदोड्यात भोकाचा पैसा ओवतातच. तिले वाटलं, मीच गुपचूप तयारी करून ठेवली. मी दूध घेऊन परतलो तं नाणं बाळाच्या कमरेले, अन् रमाचे डोळे भरलेले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमाले न सांगता काही सुचलं," म्हणे. नूतन तं पाया पडली. अशा वेळी कोणता माणूस म्हणेल, की बाई, ते लियांगचं आहे, सोड? मी म्हटलं, "आपलंच लेकरू आहे," अन् वरून हसलोही.

पण आतून जीव तुटला हो. तुमची गाडी दुर्गवरून सुटली तवा मी बाळाले टाटा करून राहिलो, असं सगळ्यांले वाटलं.

तुमचा,
गुलाबराव

ता. क. पाकिटात एक वायसर ठेवला आहे (नटबोल्टाखाली लावतात तो). तोही लोखंडाचाच, नजरेले काय फरक पडते? आंघोळीच्या वेळी सगळ्यांचा डोळा चुकवून तेवढी अदलाबदल करा. याचं भोक गोल आहे, पण बाळ काही बोलणार नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात माधवीताई आल्या. नूतननं पाठवलेला पार्थचा उघडा फोटो मी मोबाईलवर बेंबीपाशी मोठा करून दाखवला. म्हणाल्या, बाजूच्या अक्षरांत वजन आहे, अन् वर-खाली लिहिलं आहे 'महाशुभ'. खरं की बनावट ते हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही म्हणे. मी किती तरी वेळ त्या पोटाकडं पाहत राहिलो. राहू द्या हरिभाऊ, काढू नका. वायसर मी पाकिटातून परत घेतला. तो आमच्या पंख्याचा होता, अन् सकाळपासून रमा विचारून राहिली, हा खडखडते कावून. फक्त पार्थ वाढला अन् करदोडा आखूड पडला, की नवा बांधायच्या आधी मले बोलवा. मी भिंग घेऊन येतो.