मशीन वाढव

मंगळवार, ता. ९

तीर्थरूप मामा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेलच, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. लेकीकडे गेल्यापासून तुम्ही फोन बंद ठेवलाय, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त. कारखान्यात नवं मशीन नीट चालतंय. नरसाळ्यात जुलाबावरची मीठ-साखरेची पूड ओतायची, पडद्यावर ग्रॅमचा आकडा टाकायचा, की प्रत्येक पुडीत तेवढीच पूड पडते. तुम्ही म्हणायचात ते खरं, या बाईला फक्त चहा लागत नाही.

तुम्हाला काढल्यावर मला तुमच्या जागी सुपरवायझर केलं. हे आधीच लिहायला हवं होतं. अभिनंदन करायला सगळ्या आल्या आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

आई तुमच्यावर चिडली होती. "दादाचं दुकान जाऊन जमाना झाला, पण दुकानाची भाषा काही सुटत नाही. मशीन बंद कर म्हणावं सरळ! 'वाढव' काय? पोरीने आकडा वाढवला, तिचा काय दोष?" मी ताटावर मान खाली घालून बसले. घास गिळत होते, तिला थांबवत नव्हते.

मामा, तुमची ही खोड मला ठाऊक नाही का? दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा. 'बंद' हा शब्द तुम्हाला अशुभ. त्या संध्याकाळी तुम्ही दारातून ओरडलात, "वाढव गं मशीन, घरी जाऊ." मी लगेच बटण बंद केलं. माझ्या ऐकण्यात काडीचीही चूक नव्हती.

चूक त्याआधीच झाली होती. मोठ्या पाकिटांसाठी आकडा मीच वाढवला होता. मग लहान पुड्या लावल्या, तेव्हा शेजारणीच्या सासूचे प्रताप ऐकण्यात मी इतकी रंगले, की आकडा खाली आणायचा राहिला. तपासणीतल्या बाईंनी माल अडवला म्हणून निभावलं. नाहीतर जुलाबाने गळून गेलेल्या कुणाच्या तान्ह्याला ते खारट पाणी पाजलं गेलं असतं.

साहेबांनी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "आकडा कोणी वाढवायला सांगितला?" त्यांच्या प्रश्नातच मला पळवाट सापडली. "मामा म्हणाले, वाढव." शब्द तुमचाच होता, आणि मी धडधडीत खोटं बोलत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता सगळं बाहेर पडणार. तुम्ही म्हणालात, "हो. म्हणालो मी."

एक सणसणीत ठेवून दिली असतीत तर बरं झालं असतं. ज्यांनी शब्द टाकून मला नोकरी लावली, त्यांचाच शब्द मी त्यांच्या गळ्यात अडकवला. आणि त्या रात्री मला शांत झोप लागली, मामा. त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज आईला खरं सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली. मग साहेबांकडे गेले. त्यांना पटलंच नाही. म्हणाले, "मामाला वाचवायला आलीस होय? त्यांनी स्वतः कबूल केलंय." खोटं पटकन पटलं होतं, खरं काही केल्या पटेना. शेवटी एवढं म्हणाले, की तुम्हाला एकदा विचारतो.

तेव्हा फोन सुरू करा. या वेळी मला पाठीशी घालू नका. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. साहेबांनी विचारलं, की एवढंच सांगा, "मी तिला मशीन बंद कर म्हणालो होतो." तो शब्द तुमच्या तोंडून निघणं कठीण आहे, जाणते. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी एकदा उच्चारा.

'तुमची' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
भाची