अपमानांची फाईल ‘ड’ वर्गात टाकणेबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
दप्तरखाना, तळमजला.

विषय : फाईल क्र. ४१७ नष्ट करणेबाबत.
संदर्भ : जुन्या फायली तपासण्याबाबत दाराला लावलेली आपली सूचना.

महोदय,

१. सन १९६८ मध्ये अर्जदार या कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाली. तिच्या डाव्या गालावर लहानपणी उकळते पाणी सांडल्याचा डाग आहे. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क सर्वांदेखत म्हणाले, “हिला खिडकीवर बसवू नका, लोक कामं टाकून पळतील.” अर्जदारास दप्तरखान्यात बसवण्यात आले.

२. तेथील शिरस्ता असा, की आलेल्या कागदाला आवक क्रमांक देऊन तो फाईलला लावला, की घरी नेण्याचे कारण उरत नाही. अर्जदार तोवर लोकांची बोलणी घरी नेत असे व भांडी घासताना रडत असे. म्हणून ती प्रत्येक बोलणे चिठ्ठीवर उतरवून फाईल क्र. ४१७ ला लावू लागली. उदा. टंकलेखकाचे “ऑफिसला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलीये” (आवक क्र. ९), थोरल्या जाऊबाईंचे “अंधारात बरी दिसते” (आवक क्र. २३, बाब खासगी असूनही दाखल केली). रडणे थांबले.

३. मात्र वर्गवारीत चूक झाली. ही फाईल महत्त्वाची वाटल्याने अर्जदाराने ती ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम जतन करायच्या कागदांत, घातली. शिपाईमामांचे एकच वाक्य किरकोळ समजून ‘ड’ वर्गात गेले व नियमानुसार वर्षभराने जाळण्यात आले.

४. येत्या एक तारखेस अर्जदाराची नात याच दप्तरखान्यात रुजू होत आहे. लहानपणी ती त्याच डागावर गाल टेकून झोपत असे. तिने आजीची ओळख फाईल क्र. ४१७ मधून करून घेऊ नये.

५. संबंधितांची सद्यःस्थिती : हेडक्लार्क निवृत्त होताना आपले हरवलेले सेवापुस्तक शोधत दप्तरखान्यात आले. अर्जदाराने ते चार मिनिटांत काढून दिले. त्यांनी मान वर केली नाही. आता ते हयात नाहीत. टंकलेखक परगावी मुलीकडे असतात. त्यांना दिसत नाही. जाऊबाई अंथरुणाला खिळल्या असून त्यांच्या गोळ्या अर्जदारच देते, दिवा लावून. शिपाईमामा वारले. त्यांचा एकही कागद दप्तरी उपलब्ध नाही.

६. सबब, फाईल क्र. ४१७ ‘ड’ वर्गात घेऊन एक तारखेपूर्वी जाळावी व सोबतचा कागद ‘अ’ वर्गात दाखल करावा. मूळ प्रत जळाल्याने तो आठवणीतून लिहिला आहे. शब्द तेच आहेत, याची अर्जदार हमी देते.

आपली नम्र,
(सही)
निवृत्त कारकून, दप्तरखाना
दि. ९ जून २०२५

सोबत : कागद एक. “बाई, तुम्ही रजेवर असलात की या ऑफिसात काही म्हणजे काही सापडत नाही.”