सायकलच्या पेटीतली रिकामी जागा

ती. रूल्फीन मावशीच्या पायांशी (म्हणजे तू जूनमध्येही न काढणाऱ्या त्या लोकरी मोज्यांशी) तुझ्या वीबेचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? बेरेंड काकांना खरंच ऐकू येईनासं झालंय की सोयीपुरतं, याचा निकाल लागला का? आम्ही तिघंही खुशाल आहोत. तिघंही असं मुद्दाम लिहितोय, कारण या प्रवासात आमची डोकी मोजण्यात जरा घोटाळा होत होता. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन कानाला लावलास की "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस, आणि ही हकिगत दोन "बरं"मध्ये मावणारी नाही. म्हणून तंबूत पालथा पडून, कोपराखाली चिखलाचा बूट घेऊन लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतेस, चिब्बे बोलला का? मावशी, बोलला. पण पेढे वाटायच्या आधी पुढचं वाच. पोरगं अडीच वर्षांचं झालं आणि तोंडातून एक शब्द नाही, हे तुला माहीत आहेच. कान तपासले, ठणठणीत. घसा तपासला, रडताना सगळ्या गल्लीला कळतो. डॉक्टर म्हणतात वाट बघा. खेस्के वाट बघते, पण कशी, ते मी बघितलंय. रोज सकाळी त्याला आरशासमोर बसवून ती "आई" म्हणून दाखवते, आणि तो तिच्या ओठांवर बोट ठेवून गोड हसतो. सुट्टी संपली की मोठ्या तज्ज्ञाकडे जायचं ठरलंय, आणि त्या भेटीचं नाव काढलं की ती भांडी जोरात घासायला लागते. या सुट्टीची कल्पना माझी. सायकलवर वारा तोंडात गेला की पोराची जीभ आपोआप सुटेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. (छातीठोकपणे सांगायला मला काही माहीत असावं लागत नाही, हे तूच म्हणतेस.)

तर आम्ही ड्रेंटेच्या माळाकडे निघालो. खेस्के पुढे, ती लाकडी पेटीची सायकल घेऊन, पेटीत फळीवर चिब्बे, आणि मी मागे तंबू, भांडी आणि सल्ले घेऊन. पेटीवाल्या सायकलला मोटार बसवून घ्या असं सासूबाई म्हणाल्या होत्या, पण मोटारीची सायकल ही काय सायकल आहे, असं मी बोलून बसलो आणि ते ओढायचं खेस्केच्या वाट्याला आलं. पेटीतली फळी दोन मुलांची आहे, पट्टेही दोन. एका पट्ट्यात चिब्बे, दुसऱ्यात पावाची पिशवी. पहिले दिवस मजेत गेले. सायकलवाटांच्या चौकाचौकातल्या खांबांवरचे, वाट दाखवणारे आकडे बघत जायचं, पावावर चॉकलेटचे दाणे भुरभुरून खायचे, आणि वारा कुठूनही वाहत असला तरी तो समोरूनच येतोय असं म्हणायचं.

रोल्डे गाव मागे टाकलं आणि माळावर धुकं उतरलं. इकडची माणसं त्याला पांढऱ्या बाया आल्या म्हणतात. तुला सांगतो, म्हणतात ते उगाच नाही. दुपारची वेळ, पण पुढच्या खेस्केची मला फक्त पाठ दिसत होती, आणि मधूनच तीही नाही. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत, मेंढ्या नाहीत. आकड्यांचा एक खांब लागला, पण आकड्याची पाटी कुणी काढून नेलेली. मी नकाशा उघडून विद्वानासारखा उभा राहिलो, इतक्यात चिब्बेने दोन्ही हातांनी पेटी वाजवायला सुरुवात केली. त्याला उतरायचं असेल म्हणून खेस्केने पट्टा सोडला, तर पठ्ठ्या उतरला नाही. पावाची पिशवी उचलून त्याने खाली टाकली, स्वतः कडेला सरकला, आणि धुक्याकडे बघत बसला. मोठी माणसं बसमध्ये करतात ना, अगदी तसं. मग थोड्या वेळाने दुसरा पट्टा ओढून त्याने आपल्या इवल्याशा बोटांनी लावला, कुणाच्या तरी पोटावर लावतात तसा. पट्टा पडला नाही, मावशी. फुगीर राहिला.

मी म्हटलं, ओल्या कापडाला ताठपणा येतो. (हे मी खरंच म्हटलं.) खेस्केने पायडल मारलं आणि थांबली.

"वीबे, सायकल जड झाली."

"वारा समोरून आहे."

"वारा पडलाय."

मग मी नेहमीप्रमाणे तज्ज्ञ झालो. हवा बघितली, ब्रेक बघितला, साखळीला तेल दिलं, पेटीतलं सगळं सामान काढून माझ्या सायकलवर लादलं. तिची सायकल तशीच जड, आणि आता माझीही. वर खेस्के शांतपणे म्हणाली की ओझं पुढे उजव्या अंगाला आहे, साधारण चिब्बेएवढं. त्या शांतपणाने माझी बोबडी वळली. मी एक बिस्किट चिब्बेला दिलं, तर त्याने मोडून अर्धं शेजारच्या रिकाम्या जागेसमोर धरलं, आणि थोड्या वेळाने त्याचा हात रिकामा झाला. खाली कण नाही, वर कावळा नाही. आणि तेव्हा तो बोलायला लागला. आमच्याशी नव्हे. शेजारी मान वळवून, हळू आवाजात, मध्ये थांबून ऐकून घेत, मग पुन्हा. शब्द कळत नव्हते, पण ते बोलणं होतं, मावशी, बडबड नव्हती. मला पेटीत हात घालून बघायचं होतं तिथे काय आहे ते. खेस्केने माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत भीती होती, माझ्यापेक्षा जास्त, पण ती म्हणाली, "हात नको लावू. गप्प बसेल तो पुन्हा." आणि दात आवळून ती ते ओझं ओढत राहिली. चढाला मी हात लावायला गेलो तर मला मागे ढकललंन. त्या दिवशी मला कळलं की आमच्या घरात शूर कोण आहे. (तुला हे लग्नाच्या दिवशीच कळलं होतं, माहीत आहे.)

आता हात दाखवून अवलक्षण कसं केलं ते ऐक. सायकलवाल्यांना घरात उतरवून घेणाऱ्या एका शेतकरी घराचा पत्ता आमच्याकडे होता, आठवड्यापूर्वी सांगून ठेवलेलं. चार वाजायच्या सुमाराला ते घर धुक्यातून एकदम समोर आलं. दार उघडं. आत बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, माणसं गुडघ्यांवर बशा घेऊन बसलेली, कॉफी, केकचा एकेक तुकडा, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तू सांग, असं दृश्य बघून आपल्यातला कुणीही काय समजेल? वाढदिवस. आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, खोलीतल्या एकूण एकाचं अभिनंदन करायचं असतं, शेजाऱ्याचं आणि शेजाऱ्याच्या पाहुण्याचंही, हे तूच मला कान धरून शिकवलंस. मी ओला चिंब, पण संस्कार कोरडे. सगळ्या वर्तुळात हात मिळवत फिरलो. अभिनंदन बाई, अभिनंदन काका, तुमच्या आनंदाच्या दिवशी आमची अडचण झाली. ड्रेंटेची माणसं. एकानेही मला अडवलं नाही. "धन्यवाद" म्हणाले आणि मला केक दिला. त्या शांततेला घाबरून मी बशी उंच धरली आणि उत्सवमूर्तीला उदंड आयुष्य चिंतलं, जोरात. मग विचारलं, आहेत कुठे ते? यांतीन नावाच्या म्हाताऱ्या घरधनीणबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मधल्या खोलीत. जा, भेट त्याला."

मी हात पुढे करूनच आत गेलो. मधल्या खोलीत पेटी होती, मावशी, आणि ती सायकलची नव्हती. काळा सूट, नव्वदी पार केलेला चेहरा, छातीवर हात. यांतीनबाईंचा भाऊ एखबर्ट. दुसऱ्या दिवशी दफन. माझा हात तसाच पुढे राहिला, मागे घ्यायचं मला सुचेना.

मागून चिब्बे आला. खेस्केने त्याला पेटीतून उतरवलं होतं. तो एकटा चालत नव्हता. त्याचा डावा हात जरा बाजूला आणि थोडा वर होता, जसा कुणाच्या हातात हात दिल्यावर असतो. शवपेटीजवळ येऊन त्याने तो हात सोडला आणि मागे सरकून जागा करून दिली. खोलीत एकदम गारठा आला आणि ओल्या शेवाळाचा वास. समोरची मेणबत्ती वाकडी झाली, पुन्हा सरळ झाली. मग चिब्बेने माझ्याकडे वर बघितलं, माझ्याकडे, आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "हार्म पोचला."

दारात कप फुटला. यांतीनबाई होत्या. आम्ही हार्म नावाच्या कुणाला ओळखत नव्हतो. त्यांनी विचारलं, कोण पोचला? चिब्बेने आपल्या डोक्यावर हात ठेवून उंची दाखवली. त्या भिंतीला धरून खुर्चीवर बसल्या आणि सांगितलं ते इतकंच: हार्म त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्या लहानपणी, तीन वर्षांचा असताना, एखबर्टबरोबर माळावर गेला होता, धुकं उतरलं आणि एखबर्टच्या हातातून त्याचा हात सुटला. काही सापडलं नाही, टोपीसुद्धा नाही. आई म्हणायची, कुणीतरी गाडीवाला त्याला आणून सोडेल. एखबर्ट म्हातारा होईपर्यंत रस्त्यावरून गाडी गेली की उठून दाराशी जायचा. "आज उठला नाही," यांतीनबाई म्हणाल्या, "आणि आजच गाडी आली." त्यांनी चिब्बेला जवळ घेतलं नाही, तसली माणसं नाहीत ती. केकचा मोठा तुकडा कापून त्याच्या हातात दिला आणि माझं अभिनंदन केलं. मी धन्यवाद म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं नव्हतं. सायकल हलकी, इतकी की खेस्के पहिल्याच वळणावर गवतात गेली. चिब्बे दुपारपर्यंत गप्प होता, आणि खेस्केचा चेहरा बघवत नव्हता. तिला वाटलं, हार्म गेला आणि चिब्बेचं बोलणंही घेऊन गेला. मलाही तेच वाटलं, पण मी वाऱ्याबद्दल बोलत राहिलो. मग पाव कापताना तो तिच्याकडे बघून म्हणाला, "आई, मला." दोनच शब्द. ती सुरी हातात धरून रडली. मीही रडलो आणि कांदा नसताना कांद्याचं नाव सांगितलं. तेव्हापासून बोलतोय, थांबतच नाही, आणि तज्ज्ञांची भेट आम्ही रद्द करतोय. म्हणजे माझी वाऱ्याची युक्ती लागू पडली, असं तू बेरेंड काकांना सांगायला हरकत नाही.

आता कोपर दुखतोय. तुझ्या गुडघ्याला आणि काकांच्या कानाला आराम पडो.

तुझा, चिखलाने भरलेला,
वीबे

ता. क. रविवारी दुपारी आम्ही तुझ्याकडे पोचतोय, एवढं सांगायला हे पत्र होतं. मोहरीचं सूप कर. सोबत मोठा पंप काढून ठेव, आमचा फुसका निघाला.

ता. क. २. एवढंच सांगायला नव्हतं. वर सगळं हसतखेळत लिहिलं, कारण खालचं कसं लिहायचं ते जमेना. आज सकाळी आम्ही तुझ्या कालव्याच्या काठाला लागलो. पाणी अडवणाऱ्या पहिल्याच दाराशी चिब्बेने पुन्हा पेटी वाजवली, आणि सरकून जागा केली. सायकल तिथपासून जड आहे. मी काही विचारलं नाही. त्याने आपणहून सांगितलं, "ही हिल्ये." मावशी, तुझी लेक कालव्यात गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्या दिवसापासून तिचं नाव आपल्या घरात कुणी काढलेलं नाही, मीही आज पहिल्यांदा लिहितोय. चिब्बेने ते कुठून ऐकलं असेल, तू विचार करून बघ. मला फार भीती वाटतेय. तू बाजाराला जाताना कालवा टाळून लांबून जातेस, हे मला ठाऊक आहे. तरी रविवारी घरात थांबू नकोस. कालव्याच्या वाटेने आमच्याकडे चालत ये.

ता. क. ३. मावशी, हे मी खेस्के लिहितेय. सायकल मी चालवतेय, म्हणून ओझं किती ते मलाच माहीत. हिल्ये पाण्याच्या बाजूला बसत नाही, चिब्बेला तिकडे बसवते. तिने त्याच्याकडून मला विचारलं की आई अजून रागावली आहे का, कारण तुम्ही पाण्याजवळ जाऊ नको म्हणून सांगितलं होतंत. मी नाही म्हणून सांगितलंय. पण माझ्या सांगण्याने तिचं समाधान झालेलं दिसत नाही. तुम्ही या.