रिठदला कोहळ्याचे गोड रोडगे झाले, त्याबद्दल

रिठद, कोजागिरीचा दुसरा दिवस, सन १९५७

राजश्री जगदेवभाऊ यांना शालिग्रामचा रामराम. मातोश्रींच्या गुडघ्यांना उतार असेल, म्हैस व्याली असेल आणि जऊळक्याच्या स्टेशनावर गाड्या अजूनही तुम्हाला विचारल्याशिवाय सुटत नसतील, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. (घर झाडलेलं नाही, पण क्षेम आहे.) पत्र तुमच्या नावाचं असलं तरी चुलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचावं. तुमची बहीण तिथे असेलच.

पोळ्याच्या पंगतीत मी काय बोललो ते तुमच्या कानावर आलंच आहे. कणकेचे गोळे वळून रोडगे भाजणं ही आमच्या गावात पुरुषांची विद्या. मारुतीच्या पारापुढे गोवऱ्यांचे निखारे पडले की माणसं मलाच शोधत येतात, हे कोणालाही विचारा. त्या दिवशी रंगूनं कोहळ्याची (शहरी भाषेत लाल भोपळ्याची) गोड बोंडं तळली होती. मी चार माणसांत म्हणालो की बोंडं बरी आहेत, पण गोडाला खरी चव येते ती पुरुषाचा हात लागल्यावर. तिनं भांडी घासली, पिशवी भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मंग कोहळ्याचे गोड रोडगे तुमीच करा. गावानं खाल्ले म्हंजे मले बोलावनं धाडा. तवरोक मी भावाच्याच घरी." आणि गेली! गेल्या साली आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, त्यालाही याहून जास्त वेळ लागला होता.

तर भाऊ, कळवायला अभिमान वाटतो की काल रोडगे झाले.

कोहळं आमच्याच बांधावरचं, असं लालबुंद आणि भरलेलं की उचलताना कंबर धरली. कोहळ्याला पहिला सुरा पुरुषानं लावायचा, बाईनं नाही, ही आपली रीत. आजवर तो मीच लावत आलो, आणि त्यामुळे आमच्या घरी कोहळं मी कापतो अशी माझी समजूत होती. काल पहिला सुरा लावला आणि सवयीनं ओसरीवर जाऊन तंबाखू मळत बसलो. बराच वेळ झाला तरी आतून भांड्याचा आवाज येईना, म्हणून जरा चढ्या आवाजात विचारलं, "झालं का वं?" मग आपणच उठून आत गेलो. (एवढा भाग मनात वाचला तरी चालेल.)

कोहळं किसलं, शिजवलं, गूळ घातला आणि वाशीमच्या बाजारातून आणलेली सुंठ, वेलदोडे, लवंगा, जायफळ कुटून टाकलं. वास असा सुटला की तांड्यावरचा माझा दोस्त मदनसिंग बैलगाडी रस्त्यात उभी करून आत आला. पण कोहळं आणि गूळ एकत्र आले की किती पाणी सोडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगणारी जऊळक्याला.) कणीक घातली, पातळ. आणखी घातली, तरी पातळ. परात भरली तेव्हा घंगाळ घेतलं. "शालिग्राम, लगन हाय का घरी?" मदनसिंगानं विचारलं. मी त्याच्या हातात लाटणं दिलं. पोळीवर तूप, तुपावर पोळी, वरून गुंडाळून गोळा, असे आम्ही दोघं दुपारपर्यंत वळत होतो.

साधा रोडगा निखाऱ्यात पुरायचा आणि खुशाल गप्पा मारायच्या. गोडाचं तसं नाही. गूळ फुटून बाहेर आला, राखेत कालवला गेला आणि रोडग्यांवर असं कवच बसलं की फडक्यात घालून घोळसले तरी राख सुटेना. दुसरा कोणी असता तर रडला असता. मी कुऱ्हाड उलटी धरून कवचं फोडली. आत, काय सांगू भाऊ, केशरी, मऊ, पदर न् पदर सुटलेला! संध्याकाळी पारावर पंगत बसली. तांड्याचे नाईक दौलतसिंग यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "असा रोडगा म्या जल्मात नाई खाल्ला." मी मान खाली घातली, पण ऊर भरून आला होता. शेवटी एकही रोडगा उरला नाही.

तेव्हा अट पुरी झाली आहे आणि हेच बोलावणं समजावं. मातोश्रींना दंडवत, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. : एकही रोडगा उरला नाही हे अक्षरशः खरं आहे. आमच्या बैलांनाही गोड आवडतं, एवढंच जास्त लिहितो.

पुन्हा ता. क. : पत्र मदनसिंग आणतो आहे. त्याला चहा पाजा, जेवू घाला, पण रोडग्यांबद्दल विचारू नका. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि त्याची दाढ अजून दुखते आहे.

शेवटचा ता. क. : रंगूनं विचारलं तर मात्र त्याला सगळं सांगू द्या. खोटं सांगून मला तिला आणायचं नाही. घर खायला उठतं, भाऊ. मदनसिंगाच्या गाडीत गोधडी मीच अंथरून दिली आहे. ती तशीच रिकामी परत येऊ देऊ नका.